घोडीकडची वंशावळ

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. सौदा ठरण्याआधी जनावराची कसून तपासणी होते. ओठ वर करून दात बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते पाहतात, दौडवून चाल जोखतात. मग वंशाची चौकशी निघते, आणि ती बहुतेक वेळा बापापाशी थांबते. इंग्लंड-अमेरिकेतल्या लिलावांतही बोली चढते ती प्रामुख्याने बापाच्या नावावर. इतिहासाने नावं जपली तीही नरांचीच: अलेक्झांडरचा ब्युसेफॅलस, महाराणा प्रतापांचा चेतक. सारंगखेड्याच्या महोत्सवालाही चेतकचंच नाव आहे. अरबस्तानातले बेदुइन मात्र याला अपवाद. ते घोड्याचं कूळ आईकडून मोजत आले, आणि चांगली घोडी सहसा विकत नसत.

घोड्याच्या जीनोमवर, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएवर, मराठीत लिहिलं जातं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. या विषयाची ओळख करून देताना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गेल्या पंचवीस वर्षांत घोड्याच्या पेशींतून जे वाचलं गेलं, त्यातली माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे आजवर नोंदीबाहेर राहिलेल्या घोड्यांच्या आयांचा इतिहास. आणि त्याच्याच जोडीला, मोजक्या नरांच्या मागे लागून माणसाने या प्राण्याचं काय केलं, त्याचा हिशेब.

सुरुवातही एका घोडीपासूनच झाली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कळपात ‘ट्वायलाइट’ नावाची, थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची एक घोडी होती. घोड्याचा पहिला संदर्भ-जीनोम तिच्या डीएनएवरून तयार झाला आणि २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे अडीचशे कोटी अक्षरांचा हा मजकूर ६४ गुणसूत्रांत, म्हणजे ३२ जोड्यांत विभागलेला आहे. त्यातली जवळपास निम्मी गुणसूत्रं अशी निघाली, की त्या प्रत्येकातला मजकूर माणसाच्या एकाच गुणसूत्राशी जुळतो. कुत्र्याच्या बाबतीत हे प्रमाण बरंच कमी आहे. माणूस आणि घोडा यांना होणारे नव्वदाहून अधिक आनुवंशिक विकार एकमेकांसारखे आहेत, त्यामुळे या कामात माणसांच्या डॉक्टरांनाही रस आहे. २०१८ साली हाच जीनोम अधिक अचूक करून पुन्हा मांडला गेला, तेव्हाही डीएनए ट्वायलाइटचाच होता.

घोडी निवडल्यामुळे एक गोष्ट मात्र सुटली. घोडीत वाय गुणसूत्र नसतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या त्या गुणसूत्राचा तपशीलवार नकाशा अमेरिकेतल्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘ब्राव्हो’ नावाच्या थरोब्रेड नरावरून तयार झाला. तोही २०१८ सालीच प्रसिद्ध झाला.

पुढचं सगळं समजायला वारशाच्या तीन वाटा ध्यानात ठेवाव्या लागतील. बहुतेक गुणसूत्रं आई आणि बाप दोघांकडून निम्मी-निम्मी येतात आणि दर पिढीत त्यांची सरमिसळ होते. वाय गुणसूत्राचा बराचसा भाग आडनावासारखा बापाकडून मुलाकडे जवळपास न बदलता जातो. तिसरी वाट मायटोकाँड्रियाची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकांत स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. शिंगरू नर असो की मादी, त्याच्याजवळ आईचा, आजीचा, पणजीचा हा धागा असतोच. नराच्या पोटी तो पुढे जात नाही, एवढंच.

या तिसऱ्या वाटेवर २००१ च्या सुमाराला पहिली मोठी शोधमोहीम निघाली, तेव्हा संशोधकांना आश्चर्य वाटलं. एखादा प्राणी एका जागी, एका छोट्या कळपातून माणसाळला असेल, तर त्याच्या मातृवंशाच्या शाखा थोड्या असायला हव्यात. घोड्यात त्या भरपूर निघाल्या. २०१२ मध्ये संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम वाचून केलेल्या वर्गीकरणात अठरा मुख्य शाखा आल्या. त्यांतल्या बऱ्याच शाखा घोडा माणसाळण्याच्या कितीतरी आधी फुटलेल्या होत्या. म्हणजे माणसाने वेगवेगळ्या कळपांतल्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या घोड्या आपल्या कळपात सामावून घेतल्या होत्या.

वाय गुणसूत्राने नेमकं उलट चित्र दाखवलं. २००४ साली वेगवेगळ्या जातींच्या नरांचे वाय गुणसूत्रांचे तुकडे ताडून पाहिले तेव्हा त्यांत फरकच सापडेना. जगभरातले नर जणू एकाच घराण्यातले. पुढे व्हिएन्नाच्या संशोधक बार्बरा वालनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त बारकाईने वाचन केलं आणि फरक शोधून काढले. त्यातून दिसलं ते असं: आजच्या बहुतेक जातींच्या नरांचा पितृवंश गेल्या दीड हजार वर्षांत पसरलेल्या पौर्वात्य नरांपर्यंत, मुख्यतः अरबी आणि तुर्कमान घोड्यांपर्यंत जातो.

पितृवंशांचं हे आकुंचन माणसाळण्याच्या वेळीच झालं असेल असा तर्क सुरुवातीला होता. तो खोडला गेला थडग्यांतल्या घोड्यांमुळे. कझाकस्तानातल्या बेरेल इथे आणि तुवातल्या अर्झान इथे शक लोकांनी आपल्या सरदारांसोबत घोडे पुरले होते. सुमारे २३०० ते २७०० वर्षांपूर्वीच्या या नरांचे जीनोम २०१७ मध्ये वाचले गेले आणि त्यांच्यात पितृवंशांची चांगली विविधता आढळली. शकांनी एकाच लाडक्या नराचा वंश वाढवला नव्हता. नुकसान त्यानंतरचं आहे. आणि त्या नंतरच्याही काळातला मोठा घाव अगदी अलीकडचा: शेकडो प्राचीन जीनोम एका रांगेत लावून २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात गेल्या सुमारे दोनशे वर्षांत घोड्यांची जनुकीय विविधता १६ टक्क्यांनी घटलेली दिसली. शुद्ध जातींचे नोंदपट सुरू झाले तोच हा काळ.

घोडा मुळात कुठे माणसाळला, या प्रश्नाचं उत्तरही याच काळात आलं. उत्तर कझाकस्तानातल्या बोटाई इथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी लोक घोड्यांच्या आधाराने जगत होते. त्यांच्या मडक्यांत घोडीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा सापडल्या. हेच आजच्या घोड्यांचे पूर्वज, असं बराच काळ मानलं गेलं. २०१८ मध्ये बोटाईच्या घोड्यांचे जीनोम वाचल्यावर कळलं की त्यांचे वंशज म्हणजे मंगोलियातले प्रझेवाल्स्की घोडे. ज्यांना आपण अखेरचे खरे रानघोडे समजत होतो, ते हे. आजच्या पाळीव घोड्यात बोटाईचा अंश नाममात्र आहे. मग आपले घोडे आले कुठून? संशोधक लुदोविक ओर्लांदो यांच्या पुढाकाराने २७३ प्राचीन घोड्यांचे जीनोम तपासून २०२१ मध्ये उत्तर दिलं गेलं: डॉन आणि व्होल्गा नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशातून. इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास तिथला घोडा वेगाने पसरला आणि काही शतकांतच युरोप-आशियातले बाकीचे वंश त्याने मागे सारले. त्याच्यात दोन जनुकं विशेष निवडली गेलेली दिसतात. त्यांतल्या एकाचा संबंध माणसात पाठीच्या दुखण्याशी लागलेला आहे, दुसऱ्याचा मनःस्थितीच्या नियमनाशी. ओझं पेलणारी पाठ आणि शांत स्वभाव, अशी ती निवड असावी असं संशोधक म्हणतात आणि मला ते पटतं.

ओर्लांदो यांच्याच संघाने २०२४ मध्ये जीनोमांची संख्या पावणेपाचशेपर्यंत नेली आणि आणखी एक खूण टिपली. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमाराला घोड्यांच्या दोन पिढ्यांमधलं अंतर जवळपास निम्म्यावर आलं आणि जवळच्या नात्यांत समागम सुरू झाले. माणूस आता मुद्दाम आणि घाईने पैदास करत होता. घोडी लहान वयात फळवली जात असावी. एवढ्या थोड्या वेळात हा घोडा अर्धं जग व्यापू शकला, त्याची किंमत या घोड्यांनी दिली.

इथे मराठी वाचकाच्या मनात आर्यांचा, म्हणजे घोडा आपल्याकडे कधी आणि कोणाबरोबर आला हा प्रश्न येणारच. आरे असलेल्या चाकांचे रथ उरलजवळच्या सिंताश्ता संस्कृतीत सापडतात आणि या घोड्याचा आशियातला प्रसार त्या रथांबरोबर झाला, असं २०२१ चा अभ्यास सांगतो. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पा संस्कृतीच्या स्थळी सापडलेली हाडं घोड्याची की जंगली गाढवाची, यावरून शांदोर ब्योकोन्यी आणि रिचर्ड मेडो या दोन जाणकारांमध्ये झालेला वाद हाडांच्या आणि दातांच्या मोजमापांवर आधारलेला होता. जंगली गाढव आणि घोडा यांच्यातला फरक मोजपट्टीने ठरवणं अवघड असतं. डीएनए हा फरक क्षणात सांगतो, पण तो थंडीत टिकतो. कॅनडाच्या युकॉनमध्ये गोठलेल्या जमिनीत सात लाख वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या पायाचं हाड मिळालं आणि २०१३ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला. आपल्या उष्ण मातीत चार हजार वर्षंही फार होतात. म्हणून या प्रश्नावर आवाज चढवण्यापेक्षा आपल्या उत्खननांतली हाडं नीट जपावीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता थरोब्रेडकडे येतो. नर आणि मादी यांच्या वाट्याला आलेल्या नोंदींमधली तफावत इथे सगळ्यांत स्वच्छ दिसते. वंशावळी इतक्या काटेकोरपणे लिहिलेली दुसरी जात नाही. इंग्लंडचा ‘जनरल स्टड बुक’ हा नोंदपट १७९१ पासूनचा आहे. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन संस्थापक नर शर्यतींच्या शौकिनाला तोंडपाठ असतात. सीरियातल्या अलेप्पोत खरेदी झालेला डार्ली अरेबियन १७०४ साली यॉर्कशरला पोचला. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा आजच्या थरोब्रेडपैकी ९५ टक्क्यांचा पितृवंश या एकट्याकडे गेला. त्याच हिशेबात मातृवंशाचे ७२ टक्के मिळून दहा घोड्यांकडे गेले. त्या दहांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

एका माणसाने मात्र त्यांचा माग काढला होता. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस लोने एकोणिसाव्या शतकात स्टड बुकातल्या घोड्यांच्या आया मागे-मागे शोधत नेल्या आणि त्यांच्या घराण्यांना क्रमांक दिले. हे क्रमांक आजही वापरात आहेत. २००२ मध्ये संशोधक एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी या घराण्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. बरीचशी घराणी खरी ठरली. काहींत कागद आणि रक्त जुळेना. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी तबेल्यात शिंगराच्या आईची नोंद चुकली होती आणि तेव्हापासून ती चूक पिढ्यानपिढ्या उतरवली गेली. पुढे आणखी एक गोष्ट कळली: थरोब्रेडच्या मूळ घोड्या पौर्वात्य नव्हत्याच सगळ्या, त्यांत ब्रिटन-आयर्लंडच्या गावठी घोड्यांचा मोठा वाटा होता.

आणि मग वेगाचं जनुक. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर दोन रूपांत आढळतं, सी आणि टी. एमेलिन हिल यांनी डब्लिनच्या विद्यापीठात २०१० मध्ये दाखवलं की दोन्ही सी असलेले घोडे छोट्या अंतरात चमकतात, दोन्ही टी असलेले लांबच्या शर्यतीत टिकतात आणि एकेक असलेले मधल्या पल्ल्याला जमतात. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. तिथे आणि हजार मीटरच्या धावेत लागणारा घोडा वेगळा का, हे जाणकार डोळ्यांनी ओळखत आले होते. त्यामागचं एक मोठं कारण आता अक्षरात सापडलं. पण मला जास्त हलवून गेला तो २०१२ चा अभ्यास. संग्रहालयांत जपलेल्या नामवंत नरांचे सांगाडे तपासले गेले. त्यांत १७६४ साली जन्मलेला, कधीही न हरलेला एक्लिप्सही होता. तपासलेले ते सगळे टी-टी निघाले. वेगाचं सी रूप या जातीत एकदाच आलं असावं, तेही बहुधा सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश गावठी घोडीकडून. विसाव्या शतकात निअर्कटिक आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर या नरांमार्फत ते जगभर पसरलं. श्रेय अर्थातच त्या दोघांना मिळालं.

एका नराच्या मागे सगळे धावले की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीत आहे. १९६९ साली जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा नर प्रदर्शनांत गाजला. त्याचे स्नायू पीळदार, भरलेले. त्याचे हजारो वंशज पैदा झाले. त्यांतल्या अनेकांना अचानक थरकाप सुटे, अंग लुळं पडे, काही मरतही. स्नायूंच्या पेशींत सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या एका प्रथिनात बिघाड होता, हे १९९२ मध्ये कळलं. ज्या दोषाने झटके येत त्याच दोषाने स्नायू फुगत, आणि परीक्षक त्याच स्नायूंना बक्षीस देत. बिघडलेली एक प्रत पुरे होते, म्हणून तो झपाट्याने पसरला. दोन्ही प्रती सदोष असलेल्या शिंगरांची नोंदणी अमेरिकन संघटनेने बंद केली ती २००७ पासून, म्हणजे कारण कळून पंधरा वर्षं झाल्यावर. ही दिरंगाई मला क्षम्य वाटत नाही. अरबी घोड्यांतला एक दोष याहून छुपा आहे. दोन वाहक एकत्र आले की रोगप्रतिकारशक्तीच नसलेलं शिंगरू जन्मू शकतं आणि ते काही महिन्यांत दगावतं. त्याची चाचणी १९९७ पासून आहे. दोन वाहक जुळवायचे नाहीत, एवढं पाळलं तरी एकही शिंगरू त्याने मरणार नाही.

घोड्यांच्या रंगांचा विषय वाचकांना आवडेल. कुमैत, मुश्की, तांबडा हे रंग मुख्यतः दोन जनुकांच्या मेळातून कसे बनतात, हे शाळकरी मुलालाही समजेल. इथे मी फक्त सब्ज्यापाशी थांबतो, कारण वरातीला आणि मिरवणुकीला आपल्याकडे पांढरं जनावर लागतं. नुकरा जन्मतःच पांढरा असतो, त्याची कातडी गुलाबी. सब्जा मात्र जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. एका जनुकातला सुमारे ४६०० अक्षरांचा तुकडा दुप्पट झाल्याने हे होतं, असं २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. जगातल्या सगळ्या सब्ज्या घोड्यांत हा बदल एकाच पूर्वजाकडून आला आहे. त्याच बदलामुळे कातडीत काळ्या गाठींचा कर्करोग होतो. पंधरा वर्षांपुढच्या दहा सब्ज्यांपैकी सात-आठांना त्या गाठी आढळतात, बहुधा शेपटीखाली. ज्याच्या दारी असं जनावर आहे त्याने शेपूट उचलून वरचेवर बघावं.

आपल्या जातींवर काम सुरू झालं आहे, पण थोडं. मारवाडी घोड्याचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तो दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी. त्यात अरबी आणि मंगोल अशा दोन्ही वारशांच्या खुणा दिसल्या आणि कानांची आत वळलेली टोकं कोणत्या जनुकामुळे असावीत याचा अंदाजही बांधता आला. हे काम आपल्या संस्थांकडून आधी व्हायला हवं होतं. हिस्सारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, बिकानेरला त्याची शाखा आहे, मनुष्यबळही आहे.

भीमथडीचं काय? भीमेच्या खोऱ्यातलं हे काटक जनावर मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होतं. आज ते मुख्यतः धनगरांनी सांभाळलं आहे. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, कोकणाकडे उतरतो तेव्हा बिऱ्हाड, कोकरं, म्हातारी माणसं याच घोड्यांवर असतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. परंपरेने सांगतात की गावठी घोड्यांना अरबी आणि तुर्की नर लावून ही जात घडली. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत शतकानुशतकं समुद्रमार्गे घोडे उतरत होते, आणि पोर्तुगीज काळात होर्मुझहून गोव्यात येणाऱ्या घोड्यांसाठी विजयनगर आणि विजापूर यांच्यात चढाओढ असे. तेव्हा परंपरा तपासून पाहता येईल: नरांच्या वाय गुणसूत्रात सागरापलीकडचा बाप, आणि मायटोकाँड्रियात दख्खनची आई सापडते का?

मान्यता मिळालेल्या जातीला एक धोका लगेच सुरू होतो. प्रदर्शन भरतं, एक नर पहिला येतो, आणि पुढची पाच वर्षं प्रत्येकाला त्याचंच शिंगरू हवं असतं. भीमथडीसारख्या लहान संख्येच्या जातीत हे दोन-तीन पिढ्या चाललं तर इंग्लंडमध्ये तीन शतकांत झालं ते इथे तीस वर्षांत होईल. ते टाळायचं तर एका नराला एका हंगामात किती घोड्या दाखवायच्या याची मर्यादा जातीच्या संघटनेने आताच ठरवावी, आणि नोंदवहीत आईचा रकाना बापाच्या आधी असावा. तपासणीसाठी रक्त काढावं लागत नाही. आयाळीतले वीस-तीस केस मुळांसकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात ठेवले तरी चालतात. पाकिटावर घोडीचं नाव, तिच्या आईचं नाव, मालकाचा वाडा आणि फिरण्याची वाट लिहावी. माळेगावच्या आणि सारंगखेड्याच्या यात्रेत पशुवैद्यक असतातच, त्यांच्या टेबलावर हे काम एका दिवसात शेकडो घोड्यांचं होऊ शकेल.